जोडलेला म्हणजे नेमका कसा जोडलेला?

पोफळीचं जनित्र आणि तुमच्या ओट्यावरचा मिक्सर एकमेकांना जोडलेले आहेत का? वीज कोयनेची आहे, मिक्सर फिरतो आहे, म्हणजे जोडलेले आहेतच, असं एक जण म्हणेल. मधे सबस्टेशनं, ट्रान्सफॉर्मर, गल्लीतली डीपी, मीटर आणि एमसीबी एवढा पसारा आहे, ट्रान्सफॉर्मरमध्ये तर तारेला तार लागतही नाही, याला जोडलेलं कसं म्हणायचं, असं दुसरा विचारेल. खोटं कोणीच बोलत नाही. पण समजा तुम्ही मिक्सरच्या स्विचचं पेटंट मागितलं, दाव्यात ‘मोटरला जोडलेला स्विच’ असं लिहिलं, आणि परीक्षकाने पोफळीचा ब्रेकर पुढे ठेवून ‘हा बघा, मोटरला जोडलेला स्विच आधीपासून आहे’ असं म्हटलं, तर? हसू नका. इलेक्ट्रॉनिक सर्किटांच्या पेटंटमध्ये नेमकं हे घडतं, आणि त्यावर वर्षानुवर्षं अपिलं चालतात.

सर्किटचं पेटंट मागितलं, जुनं काहीतरी दाखवून ते नाकारलं गेलं, आणि आता अपील करायचं की गप्प बसायचं या विचारात तुम्ही असाल, तर हा लेख तुमच्यासाठी. आमच्या धंद्यात दाव्याला सगळे क्लेमच म्हणतात. मी इथे दावा म्हणतो. खरेदीखतात जशी चतुःसीमा असते, तसा पेटंटात दावा असतो. आधीच्या पंचवीस पानांत तुम्ही सर्किटचं कितीही कौतुक केलेलं असो, हक्क मिळतो तो शेवटच्या पानांवरच्या या क्रमांकित वाक्यांपुरता. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम १० तेच सांगतं. सर्किटच्या दाव्यात भागांच्या नावांवरून फारसं कोणी भांडत नाही. काउंटर तो काउंटर, कंपॅरेटर तो कंपॅरेटर. भांडण होतं ते जोडलेला, दरम्यान, प्रतिसादादाखल, किमान एक असल्या बारक्या शब्दांवरून.

यातलं मला सर्वांत उपयोगी वाटणारं प्रकरण अमेरिकेतलं आहे. कॅलिफोर्नियातल्या पॉवर इंटिग्रेशन्स या कंपनीला २००१ मध्ये ६२४९८७६ क्रमांकाचं पेटंट मिळालं. विषय तुमच्या-माझ्या घरातला आहे. मोबाइलचा चार्जर ज्या जातीचा असतो, तो स्विचिंग पॉवर सप्लाय. त्यातला ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. तो कायम एकाच वारंवारतेला चालू-बंद होत राहिला, की त्या वारंवारतेला आणि तिच्या पटींना विद्युतचुंबकीय गोंगाटाचे उंच सुळके उठतात. स्वस्तातल्या चार्जरजवळ जुना एएम रेडिओ धरा, ते चक्क ऐकू येतात. त्यावर उपाय म्हणजे वारंवारता थोडी थोडी हलवत राहायची. ऊर्जा तेवढीच राहते, पण ती पसरते आणि सुळके बुटके होतात.

हे हलवायचं काम दाव्यातले तीन भाग करतात. ऑसिलेटर, ज्याला वारंवारता बदलण्यासाठी एक कंट्रोल इनपुट आहे. त्या इनपुटला ‘कपल्ड’ असलेला डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर, म्हणजे डीएसी. आणि ऑसिलेटरच्या आउटपुटला व डीएसीला ‘कपल्ड’ असलेला काउंटर, जो डीएसीकरवी ते इनपुट हलवतो. एवढंच. पण या पेटंटचं पुनर्परीक्षण झालं तेव्हा पेटंट कार्यालयापुढे एक जुनं सर्किट आलं. त्यातही ऑसिलेटर, डीएसी, काउंटर होते. फक्त काउंटर आणि डीएसीच्या मधे ईप्रॉम बसलेला होता. काउंटर ईप्रॉमला पत्ता द्यायचा, आणि त्या पत्त्यावर आधीच भरून ठेवलेला आकडा ईप्रॉम डीएसीकडे पाठवायचा. खानावळीत वाढप्याने आत बघून ‘पाच नंबर’ म्हणून ओरडावं आणि आतून ताट यावं, तसं. ताटात काय आहे हे वाढप्याने ठरवलेलं नसतं.

पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाने शब्दकोश उघडला. विद्युत उपकरणं एका सर्किटात सांधणं म्हणजे कपल करणं, असा अर्थ घेतला. जुन्या सर्किटातले काउंटर आणि डीएसी एकाच सर्किटात आहेत, म्हणून ते कपल्ड आहेत, म्हणून तुमचा दावा नवा नाही. गंमत अशी की याच शब्दाचा अर्थ डेलावेअरच्या न्यायालयाने एका खटल्यात आधीच लावून ठेवला होता: व्होल्टेज, करंट किंवा कंट्रोल सिग्नल एकाकडून दुसऱ्याकडे जाईल अशा रीतीने जोडलेले. २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने प्रकरण मंडळाकडे परत पाठवलं. डेलावेअरचा अर्थ मंडळावर बंधनकारक नाही, पण तो इतक्या महत्त्वाचा असताना त्याला बगल देता येणार नाही, असा त्याचा रोख होता. मंडळाने पुन्हा तोच निकाल दिला. मग २०१८ मध्ये न्यायालयाने तो उलटवला. मंडळाचा अर्थ धरला तर सर्किटातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला जोडलेली ठरते. मधे किती भाग आहेत, किती अंतर आहे, जोडणी एकसर आहे की समांतर, कशालाच काही किंमत उरत नाही. शिवाय पेटंटातल्या आकृत्यांत काउंटर डीएसीला मधे काहीही न घेता चालवत होता.

यातून तुमच्या कामाचं काय? माझ्या मते सर्वांत कामाची गोष्ट दाव्याच्या पहिल्या ओळीत आहे. दाव्याची सुरुवातच ‘अमुक सर्किट, ज्यात पुढील भाग आहेत’ अशी होती. म्हणजे ते सगळे एका सर्किटात आहेत, हे पहिल्या ओळीनेच सांगून टाकलं होतं. मग ‘कपल्ड’चा अर्थही ‘एका सर्किटात असणं’ एवढाच घेतला, तर त्या शब्दाला करायला काम काय राहिलं? आदेश हातात पडला की मी पहिल्यांदा हेच करतो. वादातला शब्द परीक्षकाच्या अर्थाने वाचायचा, आणि मग पेन्सिलीने खोडून दावा पुन्हा वाचायचा. दोन्ही वाचनांत फरक पडत नसेल तर परीक्षकाने त्या शब्दाला बेकार केलं आहे, आणि तुमच्या अपिलाचा पहिला मुद्दा तयार आहे. फरक पडत असेल तर जपून. परीक्षकाचा अर्थ रुंद असेल, पण मूर्खपणाचा नाही.

दुसरं काम कागदावर. डाव्या हाताला तुमची आकृती, उजव्या हाताला परीक्षकाने दाखवलेली. लाल पेन्सिलीने सिग्नलचा प्रवास काढा. तार नव्हे, सिग्नल. तो कुठे जन्मला, कुठे पोचला, वाटेत कोणी बदलला. ईप्रॉमच्या सर्किटात काउंटरपासून निघालेली लाल रेघ ईप्रॉमपाशी थांबते, आणि डीएसीकडे जाणारी रेघ ईप्रॉमपासून नव्याने सुरू होते. मधे नुसता इन्व्हर्टर किंवा बफर असता, तर रेघ पुढे गेली असती, कारण काउंटरचाच आकडा, सरळ किंवा उलटा, पलीकडे पोचला असता. मधे काही आहे का, यापेक्षा मधलं काय करतं, हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो. न्यायालयाने असं सूत्र घालून दिलेलं नाही, हा माझा पडताळा आहे. पण सर्किट समजणाऱ्या परीक्षकाला हे चित्र चटकन पटतं, आणि न समजणाऱ्या न्यायाधीशालाही दिसतं.

तिसरं, तुमचं स्वतःचं वर्णन. अमेरिकेत २००५ च्या फिलिप्स खटल्यापासून क्रम पक्का झाला आहे. दाव्याची भाषा, मग वर्णन आणि आकृत्या, मग कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार. शब्दकोश आणि तज्ज्ञ त्याच्या मागे. तो खटला तुरुंगासारख्या इमारतींच्या भिंतींच्या पोलादी पॅनलांचा होता, पण रांग सर्किटांनाही तीच. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या विस्तारित मंडळानेही जून २०२५ मध्ये सांगून टाकलं, की दाव्याचा अर्थ लावताना वर्णन आणि आकृत्या नेहमी पाहायच्याच, दावा अस्पष्ट असो वा नसो.

इथे एक खड्डा आहे. आकृतीत काउंटर थेट डीएसीला जोडलेला आहे, म्हणून दाव्यातही ‘थेट’ वाचा, असं म्हणणं वेगळं; आणि परीक्षकाचा अर्थ माझ्या कोणत्याच आकृतीशी जुळत नाही, असं दाखवणं वेगळं. पहिल्या वाटेने गेलात तर उदाहरणालाच चतुःसीमा करून बसाल. आणि शब्द तोच असला तरी दर वेळी अरुंदच निघेल असंही नाही. १९९९ च्या जॉन्सन विरुद्ध झेब्को खटल्यात, मासेमारीच्या होडीच्या छोट्या मोटरच्या पेटंटात, याच न्यायालयाने नुसत्या ‘कपल्ड’ शब्दाला यांत्रिक किंवा प्रत्यक्ष जोडणीची गरज नाही असं ठरवलं होतं. तिथे रुंद अर्थ पेटंटधारकाच्या फायद्याचा होता. म्हणून ‘कपल्डचा अर्थ अमुक’ असा एखादा निकाल सापडला की तो अपिलात चिकटवून मोकळं होऊ नका. त्या पेटंटात तो शब्द काय काम करत होता ते आधी बघा.

अरुंद अर्थाचा मोह किती महाग पडतो ते मी स्वतः भोगलं आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका उद्योजकाचा बॅटरी संरक्षणाच्या बोर्डाचा अर्ज माझ्याकडे होता. शंट रेझिस्टरवरचं व्होल्टेज कंपॅरेटरच्या पिनेला द्यायचं, एवढाच त्यातला जीव. परीक्षकाने दाखवलेल्या जुन्या सर्किटात मधे आरसी फिल्टर होता. मी दाव्यात ‘थेट जोडलेला’ घातलं, आक्षेप मिटला, पेटंट मिळालं, पेढेही आले. दोन वर्षांनी बाजारात एक बोर्ड आला. सगळं तेच, फक्त शंट आणि पिनेच्या मधे शंभर ओहमचा एक एसएमडी रेझिस्टर, तांदळाच्या कणीएवढा. त्या रेझिस्टरने बोर्डाच्या कामात दखल घेण्याजोगा काही फरक पडत नव्हता. तो माझ्या ‘थेट’ या शब्दासाठी बसवलेला होता. उद्योजक मला काही बोलला नाही. त्या बोर्डाचा फोटो मात्र त्याने पाठवला, रेझिस्टरभोवती गोल काढून.

आज मी ‘वाटेत सिग्नलची माहिती न बदलता’ अशा धर्तीचे शब्द शोधतो, आणि ते वर्णनात आधीपासून असतील अशी काळजी अर्ज लिहितानाच घेतो. कारण नंतर घालता येत नाहीत. आपल्याकडे कलम ५९ प्रमाणे दुरुस्ती करायची तर ती काही भाग सोडून देणारी, चूक सुधारणारी किंवा खुलासा करणारीच हवी, आणि दुरुस्त दावा आधीच्या दाव्याच्या आत पूर्ण मावला पाहिजे. अपिलात सुचेल ते घालू, या भरवशावर बसू नये.

आता ‘सर्किट’ या शब्दाविषयी. अमेरिकेत ‘अमुक करण्याचं साधन’ असं लिहिलं, की कायदा तुमचा हक्क वर्णनात दाखवलेल्या रचनेपुरता आणि तिच्या तुल्यबळ रचनांपुरता आखडतो. मग ‘अमुक करणारं सर्किट’ हेही साधनच का? २००४ च्या लिनिअर टेक्नॉलॉजी विरुद्ध इम्पाला खटल्यात न्यायालय म्हणालं, की सर्किट हा शब्द आणि सोबत त्या सर्किटच्या कामाचं वर्णन असेल, तर जाणकाराला त्यातून रचना कळते. ते नुसतं साधन नव्हे. २००६ मध्ये एमआयटीच्या एका पेटंटात ‘सर्किटरी’ वाचली, पण ‘मेकॅनिझम’ अडकलं. २०१५ च्या विल्यमसन खटल्यानंतर ‘मॉड्यूल’ची तीच गत झाली. तेव्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या सवयीने सर्किटच्या दाव्यात मॉड्यूल, युनिट, ब्लॉक पेरू नका. जे सर्किट आहे त्याला सर्किट म्हणा, त्यात काय जातं आणि काय बाहेर येतं ते पुढे लिहा.

‘पहिलं सर्किट, दुसरं सर्किट, तिसरं सर्किट’ असं लिहिलं, की ती तीन वेगळी सर्किटंच असली पाहिजेत का? २००९ मध्ये लिनिअरच्याच एका व्होल्टेज रेग्युलेटरच्या पेटंटात हा प्रश्न आला. न्यायालयाने नाही म्हटलं, कारण वर्णनातच काही भाग दुसऱ्या आणि तिसऱ्या सर्किटात सामायिक दाखवलेले होते. वर्णनात तसं एक वाक्य नसतं, तर उत्तर काय आलं असतं? पैज लावायला मी तयार नाही. ते एक वाक्य लिहायला दोन मिनिटं लागतात.

आकड्यांच्या बाबतीत मात्र इंजिनिअर फार निर्धास्त असतात, म्हणून एक गोष्ट सांगतो. सोल्डरचा वितळणबिंदू हा आकडा आहे, त्यात अर्थ कसला लावायचा? १९९६ च्या विट्रॉनिक्स खटल्यात पीसीबीवर भाग डकवणाऱ्या रिफ्लो भट्टीचं पेटंट होतं. दाव्यात म्हटलं होतं, की भागांचं तापमान सोल्डरच्या ‘रिफ्लो तापमाना’खाली ठेवायचं. रिफ्लो तापमान म्हणजे सोल्डर पूर्ण वितळतं ते १८३ अंश सेल्सिअस, की भट्टीत सोल्डर प्रत्यक्ष चढवलं जातं ते त्याहून साधारण २० अंश वरचं शिखर? सोल्डरिंग लाइनवर काम केलेल्या माणसाला दोन्ही वापर माहीत असतात. १८३ धरलं, तर पेटंटात सविस्तर दिलेलं उदाहरणच दाव्याच्या बाहेर पडत होतं. स्वतःचं उदाहरण स्वतःच्या दाव्यातून हाकलणारा अर्थ क्वचितच बरोबर असतो, असं सांगून न्यायालयाने वरचा अर्थ घेतला. थ्रेशोल्ड, रेटेड करंट, सेटलिंग टाइम, बँडविड्थ असले शब्द तुमच्या दाव्यात असतील, तर ते कुठे आणि कसे मोजायचे हे वर्णनात लिहिलं आहे का, ते आजच बघा.

अपिलाच्या तांत्रिक बाजूचं थोडक्यात. अमेरिकेत परीक्षणात आणि पुनर्परीक्षणात शब्दाला ‘वाजवी तेवढा रुंद’ अर्थ देतात. अर्ज अजून दुरुस्त करता येतो, म्हणून ही कठोरता. पण सगळे रुंदीकडेच बघतात आणि ‘वाजवी’ विसरतात. पॉवर इंटिग्रेशन्सने २०१८ मध्ये जिंकलं ते याच शब्दावर. पेटंटाच्या कागदावरून लावलेला अर्थ अपील न्यायालय नव्याने तपासतं. पण बाहेरच्या पुराव्यावरून, म्हणजे तज्ज्ञाची साक्ष वगैरेंवरून, खाली जे तथ्य ठरलं त्याला २०१५ च्या टेव्हा निकालापासून सहजी हात लावत नाहीत. म्हणून ‘या क्षेत्रात या शब्दाचा अर्थ असा घेतात’ हे तज्ज्ञाच्या शपथपत्रात आणायचं असेल, तर ते खालच्या पातळीवरच आणा. दुसऱ्या कुठल्या न्यायालयाने तुमचा शब्द वाचला असेल तर तोही तिथेच नोंदीवर घ्या.

भारतात एप्रिल २०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ बरखास्त झालं. तेव्हापासून पेटंट नियंत्रकाच्या नकाराविरुद्ध कलम ११७अ खाली थेट उच्च न्यायालयात जायचं. अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयाचा आदेश असेल तर मुंबई उच्च न्यायालयात. तिथल्या न्यायाधीशांच्या टेबलावर त्या दिवशी ट्रेडमार्क आणि लवादाची प्रकरणंही असतील. त्यांना ईप्रॉम म्हणजे काय हे सांगायला तुम्हाला पाचेक मिनिटं मिळतील असं धरून चाला. लाल पेन्सिलीचं चित्र तिथे कामी येतं, पण ते सुनावणीनंतर नियंत्रकाकडे दिलेल्या लेखी म्हणण्यात आधी असायला हवं. सुनावणीनंतर त्यासाठी पंधरा दिवस मिळतात. बहुतेक जण त्यात आधीचंच उत्तर कॉपी करून देतात, आणि मग अपिलात नव्याने मुद्दा काढला की समोरचा वकील विचारतो, हे तेव्हा का नाही म्हणालात?

आपल्याकडे आणखी एक दुधारी हत्यार आहे. कलम १०(५) म्हणतं, दावे स्पष्ट आणि संक्षिप्त हवेत, आणि वर्णनात उघड केलेल्या गोष्टींवर आधारलेले हवेत. ‘परीक्षकाने लावलेला अर्थ माझ्या वर्णनाला धरून नाही’, असा युक्तिवाद यावरून करता येतो. पण जपून करा. नियंत्रक तेच कलम उलटं फिरवतो: शब्द इतका रुंद वाचता येतो, म्हणजे दावाच वर्णनावर आधारलेला नाही.

आणि सगळ्या देशांत एकच बोला. युरोपात जुन्या सर्किटापासून सुटण्यासाठी ‘थेट’ म्हणायचं, अमेरिकेत प्रतिस्पर्ध्याला पकडण्यासाठी ‘थेट नव्हे’ म्हणायचं, हे पूर्वी खपून जायचं. आता फाइली ऑनलाइन उघड्या असतात आणि समोरचा वकील त्या वाचतो.

अपिलाचा मसुदा लिहायला बसाल तेव्हा एक कोरा कागद घ्या आणि वादातल्या शब्दाचा तुम्हाला हवा असलेला अर्थ एका वाक्यात लिहा. त्या वाक्यात तुमच्या सगळ्या आकृत्या मावल्या पाहिजेत, परीक्षकाने दाखवलेलं सर्किट बाहेर राहिलं पाहिजे, आणि शंभर ओहमचा तो रेझिस्टर आत आला पाहिजे. वाक्य जमत नसेल तर वकालतनाम्यावर सही करायची घाई नको. कलम ११७अ प्रमाणे आदेशाच्या तारखेपासून तीन महिने मिळतात. शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच लाल पेन्सिलीने गोल करून ठेवा.